न ओरडणारी मोटर

शुक्रवार पेठेतून आलेल्या त्या मिस्त्र्याचं नाव मी विचारलं नाही. माझ्या मुलाने शेतावर पाहुण्यांसाठी पोहण्याचा तलाव बांधलाय. दुसऱ्या दिवशी पाहुणे यायचे होते आणि मुलगा डोकं धरून बसलेला. "तलावाची नवी मोटर आवाजच करत न्हाय. आज दुरुस्त न्हाय झाली तर फेकून दुसरी आणतो." त्याला विहिरीवरच्या बोंबलणाऱ्या मोटरींची सवय.

मिस्त्र्याने स्क्रू ड्रायव्हर मोटरला टेकवला, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून च् च् केलं. "लई नाजूक केस हाय, मालक." मग मुलाला दिसू नये असा आडवा उभा राहून त्याने बटण दाबलं आणि वेग वाढवला. मोटर किंचाळली. मुलगा खुशीत पाहुण्यांना फोन करायला पळाला.

"बिघाड काय होता?" मी विचारलं.

"काय बी न्हाय, आजी. हळू चालून पाणी साफच करत होती. पण तसं म्हणलं की लोक दुसरा मिस्त्री बोलावतात, आन् त्यो खरंच बिघडवतो."

मुलगा परत आला.

"थोडक्यात वाचली बघ तुझी मोटर," मी म्हणाले. कुणापासून, ते सांगितलं नाही.