बिरोबाची बंदूक आणि शिलाई मशीनवाले जब्बारभाई

वळसंगपर्यंत रस्ता बरा होता. पुढे खड्डे लागले. दर खड्ड्याला मी गिअर बदलत होते आणि दर वेळी माझं कोपर बंदुकीच्या नळीला लागत होतं. बंदूक जवळजवळ माझ्याएवढी उंच. गाडीत आडवी मावेना. म्हणून तिचा दस्ता मागच्या सीटवर गौराबाईंच्या मांडीवर होता आणि तोंड पुढे, दोन सीटच्या मधे. ते तोंड सोयीच्या जागी आलं होतं, म्हणून मी त्याला माझी पर्स अडकवली होती. शेजारी गौराबाईंचे यजमान मलप्पा बसले होते. बंदुकीचं लायसन्स त्यांच्या नावावर आहे.

ईरा, निहार, परवा तुम्ही फोनवर विचारलंत, आजी या वयात अजून कोर्टात जाते म्हणजे नक्की काय करते? मी जे काही करते त्यातलं गेल्या वर्षीचं एक काम सांगते. वाचून झाल्यावर तुमच्या आईला दाखवू नका. गाडी चालवण्यावरून आमचं आधीच एकदा झालेलं आहे.

मी वकिली करते ती बहुतेक ट्रस्टची. ट्रस्ट म्हणजे देवळाची जमीन, दागिने, उत्पन्न सांभाळणारी कमिटी. मैंदर्गीच्या पलीकडे एका गावात बिरोबाचं देऊळ आहे. तिथल्या ट्रस्टची मी कायदेशीर सल्लागार. दसऱ्याला तिथली पालखी गावाची सीमा ओलांडायला निघते, पण बंदुकीचा बार झाल्याशिवाय भोई पालखी उचलत नाहीत. बार काढण्याचा मान मलप्पांच्या घराण्याचा. त्यांचं मेंढरांचं खांड आहे, थोडी कोरडवाहू जमीन आहे आणि हा मान आहे. गावात त्यांना ओळखतात ते मानामुळे.

बंदूक ठासणीची. म्हणजे तिला काडतूस नसतं. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर काथ्याचा बोळा घालायचा आणि लोखंडी गजानं ठासायचं. मागच्या बाजूला एक बारीक भोकाचं बोंडूक असतं, त्याला निपल म्हणतात. त्यावर तांब्याची छोटी टोपी बसवतात. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो, ठिणगी भोकातून आत जाते आणि बार होतो. देवाच्या बाराला छर्रे घालत नाहीत, नुसता आवाज.

त्याच्या आदल्या वर्षीच्या दसऱ्याला नुसती टोपी वाजली. मलप्पांनी टोप्या बदलून पाहिल्या. पालखी खोळंबली. शेवटी ट्रस्टचे अध्यक्ष सचिन यांनी सुतळी बाँब लावला आणि भोयांनी पालखी उचलली. सचिन ट्रॅक्टरचं शोरूम चालवतात. मीटिंगमध्ये ते म्हणाले, "मॅडम, सेंटिमेंट मला पण आहे. पण लोक उन्हात उभे राहतात. या दसऱ्याला बंदूक वाजली तर वाजली. नाहीतर कायमचा बाँब."

मीटिंग संपल्यावर मलप्पा माझ्यामागून आले. बाहेर पायरीवर मला म्हणाले, "वकीलबाई, आज्याच्या आज्यापासनं बार आमचा हाय. म्या मेल्यावर बंद करा की. जित्तेपणी नको."

मी त्यांना शब्द दिला. बंदूक दुरुस्त करणारा माणूस मी शोधून काढीन, तोही लायसन्स असलेला. हत्यार दुरुस्त करायलाही सरकारी परवाना लागतो. तो नसेल तर दुरुस्ती करणारा आणि करून घेणारा, दोघंही अडचणीत.

तुम्हाला माझी पद्धत माहीत आहे. मी फाइल केली, रंगीत टॅब लावले आणि इंग्रजीत सुंदर ईमेल लिहिले. विषय होता प्राचीन शस्त्रांचं संवर्धन. एका तज्ज्ञांनी लंबंचौडं उत्तर पाठवलं, की बंदुकीला हात लावू नका, तिच्या अंगावरचा काळ जपा. हे मी मलप्पांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "काळ जपू की. पण वाजंल का?" पुण्याच्या एका दुकानदारानं फोनवर विचारलं, "भिंतीला लावायची आहे का?" नाही म्हटल्यावर त्यानं फोन ठेवला. अकलूजला एक लेथवाला साखर कारखान्यांची कामं करतो असं कळलं. तो म्हणाला, "जुनी नळी कशाला? पाइप आणा, नवी लावून देतो." मी त्याला हत्यार कायदा समजावून सांगितला. माझं व्याख्यान संपलं तेव्हा कळलं की लाइन केव्हाच कट झाली होती.

जे पहिल्यांदा करायला हवं होतं ते मी शेवटी केलं. निवडणुका आल्या की लायसन्सच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात. तिथल्या हवालदारांना विचारलं.

"जब्बारभाईंकडं जावा की," ते म्हणाले.

"कोण जब्बारभाई?"

"शिलाई मशीनवाले. सोलापुरात, तुमच्याच भागात हायत."

जब्बारभाईंना मी वर्षानुवर्षं ओळखते. माझं शिलाई मशीन त्यांच्याकडेच जातं. ईरा, तुझ्या बाहुलीचे सगळे फ्रॉक त्या मशीनवरचे. दुकानात गेले तर खरंच, भिंतीवर लटकलेल्या मशीनच्या पट्ट्यांमागे फ्रेम केलेला परवाना होता. चालू तारखेचा.

"जब्बारभाई, इतक्या वर्षांत बोलला नाहीत?"

"कैसा बोलूं मॅडम? शिलाईवाल्या बायकांना बंदुका दाखवल्या तर गिऱ्हाईक टिकतं का? आणि एक सांगतो. मशीनसाठी मला मिस्त्री म्हणा. बंदुकीसाठी गनस्मिथ. परवान्यावर तसंच लिहिलंय."

जब्बारभाई नम्र माणूस नाहीत. त्यांच्या मते सोलापूर जिल्ह्यात बंदूक कळणारी दोनच माणसं झाली, एक त्यांचे वालिद, म्हणजे वडील, आणि दुसरे ते. मला बरंच वाटलं. स्वतःवर एवढा विश्वास असलेली व्यक्ती मला आरशाबाहेर क्वचितच भेटते.

तर ही अशी आम्ही बंदूक घेऊन सोलापुरात आलो. लायसन्स, ट्रस्टचा ठराव, माझं पत्र, सगळं फाइलमध्ये क्रमानं. कायद्याप्रमाणे बंदूक मलप्पांनीच उचलून दुकानात नेली. मी फक्त माझी पर्स काढून घेतली.

जब्बारभाईंनी चष्मा लावला, घोडा ओढून पाहिला, स्प्रिंगला कान लावला. "स्प्रिंग चांगली आहे. निपल जाम आहे. गरम करतो, सुटेल." त्यांनी गॅसचा टॉर्च पेटवला. निळी ज्योत सुरसुरायला लागली. रेकॉर्डसाठी म्हणून मी मोबाइलवर व्हिडिओ सुरू केला. व्हिडिओ दिसल्यावर जब्बारभाईंनी ज्योत बाजूला धरली.

"थांबा, आधी नळी किती सरळ आहे ते दाखवतो. ये भी लेव व्हिडिओ में. अशी नळी आता बनत नाही."

त्यांनी नळीच्या तोंडातून गज आत सोडला, जिथं गज तोंडाबाहेर आला तिथं अंगठा धरला, गज बाहेर काढून नळीला लावून ठेवला. गज पार मागे निपलपर्यंत पोचायला हवा होता. तो वीतभर अलीकडे थांबला. त्यांनी पुन्हा सोडला. पुन्हा तेवढाच.

तो व्हिडिओ माझ्याकडे आहे. त्यात माझा स्वच्छ आवाज ऐकू येतो. "म्हणजे नळी आतून आखूड आहे का, जब्बारभाई?"

जब्बारभाईंनी टॉर्च विझवला. मग अगदी हळू म्हणाले, "मॅडम, ये तो भरी हुई है." यापुढे व्हिडिओत छत, मशीनच्या पट्ट्या आणि रस्ता दिसतो. मी कशी बाहेर आले ते आठवत नाही. जब्बारभाई माझ्या आधी बाहेर होते.

मलप्पा आणि गौराबाई दुकानातच बाकावर बसून होते. आम्हाला रस्त्यावर पाहून मलप्पांनी आतून विचारलं, "काय झालं वं?"

"बंदूक भरलेली आहे," मी म्हणाले.

"व्हय की. भरलेलीच हाय."

"मला सांगितलं का नाही?"

"तुमी कुटं इचारलं? गावात समद्यांना ठावं हाय. गेल्या दसऱ्याला भरली, वाजली न्हाय. देवाच्या नावानं भरलेलं काढायचं नसतं. वाजवायचंच असतं."

मी फाइल उघडून पाहिली नाही. गरज नव्हती. मी लायसन्स विचारलं होतं, ठराव विचारला होता, त्यांचं आधार कार्डही विचारलं होतं. वर्षभर दारूनं भरलेल्या नळीला पर्स अडकवून मी मैंदर्गीकडून सोलापूरला आले होते आणि वाटेत चहाला थांबले तेव्हा गाडी उन्हात लावली होती.

जब्बारभाई आत गेले, पण बंदुकीपासून लांब उभे राहिले. "भरलेल्या बंदुकीला मी आग लावणार नाही. कोणाला लावू पण देणार नाही. नळीत पाणी ओततो, दारू भिजू देतो, मग स्क्रूच्या गजानं बोळा ओढून काढतो. आमचे वालिद असंच करायचे."

मलप्पा उठले. बंदूक उचलली. "मग ऱ्हाऊ द्या. चल गं."

"मलप्पा, मग मान जाईल," मी म्हणाले.

"जाऊ दे. पर देवाच्या नावाची दारू म्या गटारात घालणार न्हाय."

आता माझी पाळी होती. मी वकील आहे. मी त्यांना समजावलं की संकल्प मोडणं वेगळं आणि पुढे ढकलणं वेगळं. वस्तू सदोष असेल तर अर्पण पुरं झालेलं नसतं, म्हणून ते परत घेता येतं. मला स्वतःला तो मुद्दा फार आवडला होता. मलप्पांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"देवाच्या कोर्टात तुमची सनद चालत न्हाय, वकीलबाई."

सनद म्हणजे वकिलीचा परवाना. जब्बारभाई हसले. मग गौराबाई बोलल्या. सकाळपासून त्या फारसं बोलल्या नव्हत्या. दस्ता मांडीवर धरून त्यांचे पाय अवघडले होते.

"मी देवाला निवद दाखिवते. तेच ताट वरीसभर झाकून ठिवते व्हय?"

मलप्पा दाराशी थांबले.

"सांगा की. गाईला घालते आन् ताजं वाढते. तुमी देवापुढं वरीसभराचं शिळं घिऊन निघालाय. आन् वर म्हणताय, देव का जेवंना."

मलप्पा बंदूक घेऊन दारातून मागे फिरले. मग ती जब्बारभाईंपुढे ठेवली. "काडा. पर टाकू नका कुटं. माज्याकडं द्या. देवळामागच्या लिंबाच्या बुडाला घालतो."

भिजलेली दारू काळ्या चिखलासारखी बाहेर आली. जब्बारभाईंनी ती बरणीत भरून मलप्पांच्या हातात दिली. मग टॉर्च पुन्हा पेटला, निपल सुटलं आणि बिघाड दिसला. भोकात हळद, कुंकू आणि तेल यांचा दगड झाला होता. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा होते. पिढ्यान् पिढ्या सगळ्यांनी नेमकं त्या बोंडकालाच कुंकू लावलं होतं, कारण बंदुकीवर कपाळासारखी दिसणारी जागा तेवढीच.

"भक्ती लई झाली म्हणायची," गौराबाई म्हणाल्या.

जब्बारभाईंनी नवं निपल बसवलं, आणि कुंकू कुठं लावायचं ती जागा दस्त्यावर खडूनं दाखवून दिली.

दसऱ्याला मी गावात गेले. देवळापुढे चुन्याची रेघ मारून घेतली, सगळ्यांना रेघेमागे उभं केलं आणि माइकवरून सुरक्षेवर बोलले. बार होताना सगळ्यांनी दोन्ही कान झाका, असं बजावलं. सचिन बाजूला सुतळी बाँब घेऊन तयार होते. त्यांच्या हातात पेटलेली उदबत्ती होती.

मलप्पांनी चाप ओढला. टक्. नुसती टोपी वाजली.

सचिन एक पाऊल पुढे आले. मलप्पांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. फुटकी टोपी काढली, कंबरेच्या पिशवीतून दुसरी घेतली. टोपी बसेना.

"दमानं," मागून गौराबाई म्हणाल्या.

टोपी बसली. आणि बार असा झाला की लिंबावरचे सगळे कावळे उठले. कान झाकायला सांगणाऱ्या माझ्या दोन्ही हातांत माइक होता. त्यामुळे तो बार चारही स्पीकरमधून पुन्हा एकदा झाला आणि मी चुन्याच्या रेघेवर बसले. मला उठवायला कोणी आलं नाही. सगळे पालखी उचलण्यात होते. सचिननी उदबत्ती नेऊन देवापुढे खोचली. म्हणाले, तशी ती तिथलीच होती.

त्या दिवशी मी ट्रस्टकडून एक नियम मंजूर करून घेतला. बार झाल्यावर सर्वांसमोर नळीत गज सोडायचा, तो मागपर्यंत पोचतो का पाहायचं आणि मोठ्यानं सांगायचं, रिकामी. शुद्ध सुरक्षेचा नियम, त्यात देवाचा काही संबंध नाही.

यंदाच्या दसऱ्याला गजाला झेंडूचा हार होता. गज नळीत जाईपर्यंत हलगी थांबली. 'रिकामी' म्हटल्यावर लोकांनी भंडारा उधळला. आता 'रिकामी' म्हणण्याचा मान थोरल्या घराचा की धाकट्या घराचा, यावर दोन भावकींत वाद लागला आहे. त्याची सुनावणी माझ्यासमोर आहे. दोन्ही बाजू सांगतात, ही चाल पूर्वापार आहे.

तेव्हा बाळांनो, एवढंच लक्षात ठेवा. कोणाची वस्तू गाडीत घेताना ती भरलेली आहे का हे आधी विचारावं. आणि नियम करताना जपून करावा. एखादे वेळी लोक तो पाळतात.