मेहुणीची फी

लोकांना क्रिकेटमध्ये रस असतो, मला टॅक्सच्या नियमांत आहे. बायकोच्या मते हा आजार आहे.

२०२० च्या सप्टेंबरात माझी मेहुणी मास्टर्ससाठी नागपूरहून आयर्लंडला आली आणि ॲडम्सटाउनमध्ये आमच्याच घरी राहिली. फीची मुदत तोंडावर आली, तरी सासऱ्यांनी पाठवलेले पैसे कॉलेजात पोहोचेनात. लॉकडाउनमुळे बँकेचं काम रखडलं होतं. मग मी माझ्या कार्डावरून फी भरून टाकली. पुढच्याच महिन्यात सासऱ्यांनी ती रक्कम पै न पै माझ्या खात्यात जमा केली. मी "राहू द्या" म्हणालो, पण आहेर नाकारताना म्हणतात तेवढ्याच जोरात.

जानेवारीत वर्षाचं रिटर्न भरताना नियम वाचला. इथे कॉलेजची फी भरणाऱ्याला आयकरात सवलत मिळते. सुरुवातीचा ठरावीक भाग सोडून उरलेल्या फीवर वीस टक्के, तेही एका मर्यादेपर्यंत. फी दुसऱ्या कोणाची भरली तरी चालते. मात्र सवलत मिळते ती आपण इथे भरलेल्या करातून. मेहुणी शनिवार-रविवारी क्लोनडॉकिनच्या एका गोदामात काम करायची, तिला कर लागतच नव्हता. सासरे आयर्लंडला कर देत नव्हते. देणारा मी, आणि मी भरलेली रक्कम मला परत मिळालेली, म्हणजे नियमाने फी मी भरलेलीच नाही.

मला वाटलं, उपाय सरळ आहे. पैसे सासऱ्यांना परत करायचे, फी खरोखरच माझ्याकडून होऊ द्यायची आणि सवलत घ्यायची.

"बाबांना हे बोलू नकोस यार," बायको म्हणाली. "प्लीज."

मी बोललो. व्हिडिओ कॉलवर सासऱ्यांना नियम नीट समजावला. ते निवृत्त झालेले. या फीसाठी त्यांनी नागपूरबाहेरचा प्लॉट विकला होता, ज्यावर घर बांधायचं ते बरीच वर्षं बोलत होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे मी पैसे वापस घेतले, तर सरकार तुम्हाला थोडे देईल?"

"हो."

"आणि मंग कोणी विचारलं, पोरीला शिकवलं कोणी, तर मी काय सांगू, जावईबापू?"

"बाबा, कोण विचारणार आहे?"

"मी विचारीन ना."

मला राग आला. जावयाचा पैसा नको, ठीक आहे. पण हक्काने मिळणारी सवलत सोडून देण्यात कसला आलाय मोठेपणा? दोन दिवस मी धुसफुसत होतो. मराठी मंडळाच्या ग्रुपवर एकाने सल्ला दिला, लिहून टाक तूच भरली म्हणून, कोण बघायला येतंय. खोटं मी लिहीत नाही, तत्त्वापेक्षा भीतीमुळे.

"लीव्ह इट, भाऊजी. इट्स ग्रँड," मेहुणी प्रेसमधून कप काढत म्हणाली. चार महिन्यांत तिच्या तोंडी कपाटाचं, इथले लोक म्हणतात तसं, प्रेस झालं होतं. सवलतीचा रकाना मी रिकामा सोडला.

२०२१ च्या शेवटी तिचं पदवीदान झालं, ऑनलाइनच. आम्ही लॅपटॉपसमोर बसलो होतो, शेजारी फोनवर नागपूरहून सासरे. त्यांनी आमच्या लग्नातला कोट घातला होता आणि डोक्यावर पंखा फिरत होता. पडद्यावर मेहुणीचं नाव आलं, फोटो आला. सासरे उठून उभे राहिले. त्यामुळे फोनमध्ये आम्हाला नुसती कोटाची बटणं दिसत होती. तिचं नाव गेलं, पुढची मुलं येऊन गेली, तरी ते बसेनात.

"बाबा, झालं," बायको म्हणाली.

"माहीत आहे," वरून कुठूनसा आवाज आला. "मी शिकवलं तिला."

त्या वेळी मला ते वीस टक्के आठवले नाहीत, असं लिहायला आवडलं असतं. आठवले. मग मीही उभा राहिलो.