वाघ्याचं पथ्य

कुत्र्या-मांजरांच्या कातडीची डॉक्टर झाले तेव्हा वाटलं होतं, निवांत काम आहे. पेशंट बोलत नाहीत! पण त्यांचे मालक बोलतात ना. सावेडीतल्या माझ्या दवाखान्यात रोज संध्याकाळी केस झाडून काढावे लागतात, तसे किस्सेही झाडून काढावेत इतके साठतात.

आमच्या शेजारच्या सोसायटीतल्या एक वहिनी मांजर घेऊन आल्या. अंगावर गोल गोल चट्टे. गजकर्ण! औषध दिलं आणि बजावलं, ‘हे माणसालाही लागतं, जपून.’ महिन्याभराने मांजर ठणठणीत.

“आता यांना बघा,” म्हणत वहिनींनी नवऱ्याला पुढे ढकललं.

“अहो, माणसांच्या डॉक्टरकडे...” माझं वाक्य पुरं व्हायच्या आत साहेब शर्ट वर करून टेबलावर आडवे!

“जाऊन आलो मॅडम. पण मांजराला गुण लवकर आला!”

घोडेगावच्या बाजारातले एक गुरांचे व्यापारी आहेत. म्हशीचे दात बघून तिची कुंडली सांगतील, असा माणूस. त्यांनी नवीनच घेतलेला काळाकुळकुळीत कुत्रा आणला. “लई खाजवतंय.”

मी हात लावला, तर हात काळा! खरजेवर कुणीतरी गाडीचं जळकं ऑइल चोपडलेलं. आपल्याकडे हा रामबाण उपाय, काय बोलणार? शाम्पूने घासघासून धुतला, तर आतून पांढराशुभ्र निघाला.

शेठ मागे सरले. “ह्यो माजा न्हाई.”

“अहो, तुमच्यासमोर धुतला!”

“मी काळा घेतला हुता!”

मग शेठच्या डोक्यात उजेड पडला. त्यांनी हळूच दार लोटलं. “बाई, बाजारात कुनाला सांगू नका. आन ह्याला परत काळा करता यील का?”

पण पुणतांब्याच्या आप्पांची सर कुणाला नाही. आप्पा सत्तरीचे, माळकरी. घरात अंडंसुद्धा येत नाही. त्यांचा वाघ्या खाजवून खाजवून अर्धा उघडा पडला होता. सून बाळंतपणाला माहेरी गेलेली. तिने निरोप धाडला होता, बाळाला घेऊन यायच्या आत कुत्रं बरं करा, नाहीतर कुठंतरी नेऊन सोडा. सांगताना आप्पांचे डोळे भरून आले. मलाही कसंतरीच झालं.

मला अन्नाची ॲलर्जी वाटत होती. वाघ्या वाढला दूध-भाकरीवर. म्हणून त्याने जन्मात न खाल्लेलं काहीतरी द्यायचं होतं. “मासे आणि रताळं. बाकी काही म्हणजे काही नाही!”

आप्पांनी कानाला हात लावले. मग वाघ्याकडे बघितलं. “गोठ्यात येगळी चूल मांडतो,” म्हणाले.

महिना गेला, खाज तश्शीच! माझं डोकं फिरलं.

“आप्पा, चोरून काय देताय त्याला?”

“द्येवाशप्पत न्हाई, बाई! मासं खाल्लं की निस्तं त्वांड शुद्ध करतो त्याचं.”

“कशाने?”

“पंचामृतानं!”

दूध, दही, तूप! मी कपाळावर हात मारून घेतला. “अहो, बाकी काही द्यायचं नाही म्हटलं होतं ना!”

“पंचामृत काय खानं हाय व्हय?”

पंचामृत बंद झालं. खाज थांबली, केस भरले, सून बाळाला घेऊन घरी आली. भाकरी परत सुरू केली, तीही सोसली. सगळा दोष दुधाचा निघाला, तेव्हा मासे थांबवले.

परवा आप्पा वाघ्याला दाखवायला घेऊन आले. अंग तुकतुकीत, आणि गळ्यात तुळशीची माळ!

“त्यानं मासं सोडलं, म्हनून घातली.”

मी पोट धरून हसले. मग लक्ष गेलं, आप्पांचा गळा मोकळा.

“आणि तुमची माळ?”

“हीच ती.” आप्पांनी मान खाली घातली. “काटा ऱ्हायला तर मुक्या जिवाच्या घशात अडकायचा. मला मेलं दिसत न्हाई. मंग आधी आपल्याच तोंडात घालून बघायचो.”

“जाऊ द्या हो आप्पा. त्याच्यासाठीच केलंत ना? आता परत घाला.”

आप्पांनी दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

“वाघ्याचं सुटलं, बाई. माजं सुटंना!”