नळ कितव्या दिवशी येतो?

लग्नाला सहा वर्षं झाली तरी आमची बिऱ्हाडं दोन होती. मी वाटूरच्या शाळेवर, बायको पिंपळगाव रेणुकाईच्या. दोन खोल्या, दोन शेगड्या, दोन पोळपाट. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी एसटीनं जालना, भोकरदन करत तिच्या खोलीवर पोचायचो आणि रविवारी दुपारपासून आम्ही घड्याळाकडे बघत उगाच भांडायचो. त्या खोल्या घेताना दोघांनीही घरमालकांना ‘तात्पुरती हवी आहे’ असंच सांगितलं होतं.

मग एका उन्हाळ्यात बदल्यांचे आदेश आले. दोघांच्याही शाळा बदनापूरच्या बाजूला. जालन्यात घर घ्यायचं आणि तिथून दोघांनी ये-जा करायची, असं ठरलं. शाळा उघडायला बारा दिवस उरले होते. तेवढ्यात घर मिळालं नाही, तर पुन्हा दोन गावांत दोन खोल्या. तात्पुरत्या. त्या शब्दाची मला धास्तीच बसली होती.

जाहिरात सापडली मला. म्हणजे परिपाठाला उभं राहून ‘ऑनलाइन फसवणुकीपासून सावध राहा’ हे भाषण दर महिन्याला ठोकणाऱ्या मला. तळमजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढं फरशीचा ओटा आणि ओट्यावर कडुनिंबाची सावली. भाडं इतकं कमी की शंका यायला हवी होती. मला घाई झाली. बायकोनं तो ओट्याचा फोटो बोटांनी मोठा करून बराच वेळ पाहिला. “इथं बसून चहा घेता येईल,” ती म्हणाली. मग एका पाठकोऱ्या कागदावर तिनं घर आखलं. खाट कुठं, शिलाई मशीन कुठं, माझी पुस्तकं कुठं. आखताना ती गुणगुणत होती. सहा वर्षांत मी तिला असं बिनघोर पाहिलं नव्हतं, आणि त्या क्षणी मी त्या घरासाठी काहीही करायला तयार होतो.

मालक फोनवर भलताच गोड. दर वाक्याला ‘सर’. शिक्षकाला कुणी सर म्हटलं की तो निम्मा विरघळतो, मी पुरताच विरघळलो. तो नोकरीला दुसऱ्या राज्यात, चावी मित्राजवळ. दोन महिन्यांचं भाडं आधी पाठवलं की मित्र येऊन घर उघडून दाखवणार. संध्याकाळी दुसरी पार्टी येणार होती, पण “तुम्ही गुरुजी लोक, तुम्हालाच द्यावंसं वाटतं,” असंही तो म्हणाला. मला ते अगदी योग्य वाटलं. इतर लोकांपेक्षा आपण बरे, हे तर माझं जुनंच मत होतं.

बायको पोळ्या लाटत होती. पिठाच्या हातानंच तिनं फोन मागितला. “मॅडमना काहीतरी विचारायचंय,” मी त्याला जरा ओशाळून सांगितलं आणि फोन स्पीकरवर टाकला.

“भाऊ, नळ कितव्या दिवशी येतो?”

“मॅडम, पाण्याचं टेन्शनच घेऊ नका. चोवीस तास नळाला पाणी आहे.”

“बरं. सांगते मंग तुम्हाला.” तिनं फोन बंद केला आणि पोळी उलटली.

मी भडकलो. “अगं, हातातलं घर घालवलंस! संध्याकाळी दुसरे येणारेत!”

“येऊ द्या. अहो, जालन्यात? चोवीस तास? माझी जालन्याची मावशी नळाच्या दिवशी सख्ख्या भाचीच्या साखरपुड्याला आली न्हाई. फेकून राह्यला तो. जालना त्यानं बघितलंच न्हाई कधी.”

आठ-दहा दिवसांनी येणारा नळ जालन्यात कुणाला माहीत नाही? मलाही माहीत होता. पण खात्री करायची म्हणून मी त्याला परत फोन लावला, आधी घर दाखवा, पैसे तिथंच देतो म्हणालो. त्याच्या आवाजातला गोडवा गेला, मग फोन कट झाला. थोड्या वेळानं जाहिरातही दिसेना. ‘बघा, मी म्हणाले नव्हते?’ असं बायको एकदाही बोलली नाही. तिनं फक्त तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला.

दुसऱ्या दिवशी आम्ही जालन्यात उतरलो. तिनं घरांऐवजी पिठाच्या गिरण्या शोधल्या. कोणत्या घरचा दळणाचा डबा यायचा थांबला, म्हणजे कुठलं बिऱ्हाड हललं, हे गिरणीवाल्याला बराबर ठाऊक असतं, असं तिचं म्हणणं. तिसऱ्या गिरणीवाल्यानं एका आजींचं घर दाखवलं. आजींनी दार उघडलं, आम्हाला खालून वर न्याहाळलं आणि आमच्या तोंडून शब्द निघायच्या आत सुरू झाल्या.

“आधीच सांगते. जिना उभा हाय. दुपारी भिंत तापती. मागं मंगल कार्यालय हाय, लग्नसराईत बँडनं डोकं उठतं. अन् नळ दहाव्या दिवशी येतो, कवा बाराव्या. दोघायचे आधार कार्ड दाखवा, मंग वर चला.”

बायको हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आजी घाबरून म्हणाल्या, “काय झालं वं बाई?”

जिना चढताना ती मला हळूच म्हणाली, “काल त्याला विचारलं ना, तेव्हा मी मनातल्या मनात घोकत होते. दहा दिवसांनी म्हण भाऊ, दहा दिवसांनी म्हण.”

मला तिचा अभिमान वाटला आणि स्वतःची लाज. ते ओट्याचं घर तिला माझ्याहून जास्त हवं होतं आणि तरीही प्रश्न तिनंच विचारला होता. वर दोन खोल्या होत्या, ओटा नव्हता. घर नीट पाहून, भाडेकरार करून मगच आम्ही आजींच्या हातात भाडं दिलं.

शाळा उघडल्या. पहिल्या दिवशी मला आधी निघायचं होतं. सहा वर्षं मी निघालो की ती दारात उभी राहून एकच वाक्य म्हणायची, पोचलात की फोन करा. मी मोटारसायकलला किक मारली तेव्हा ती जिन्यात आली, केस विंचरता विंचरताच.

“अहो,” ती वरून ओरडली, “येताना दूध आणा.”