कार पार्कमधले पंख

हसायचं असेल तर पोटभर हसा, पण आधी हातातला चहा संपवा. माझा हा घोटाळा ऐकताना आजवर बऱ्याच जणांना ठसका लागलेला आहे.

सगळं झालं एका फोटोमुळे. तेव्हा आम्ही सिंगापुरात तोआ पायोहला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचो. मी आयटीवाला, ऑफिसला एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, जाणारा. तिथे स्वतःची गाडी घ्यायची तर नुसत्या परवान्यालाच गाडीइतके पैसे पडतात, विचारा तिथल्या माणसाला. लेकीची तीनचाकी सायकल घेतानासुद्धा मी आठवडाभर विचार केला होता!

तर आमच्या ब्लॉकच्या कार पार्कमध्ये, अगदी कोपऱ्यात, एक गाडी कायम कापडाखाली झाकलेली असायची. एका रविवारी बघतो तर कापड काढलेलं. आणि बॉनेटच्या टोकावर पंख! दोन्ही बाजूंना पसरलेले, चकचकीत, मधोमध कंपनीचं एक अक्षर. मी भाजीची पिशवी घेऊन तिथेच उभा राहिलो.

कारण ते पंख मी पुसलेले होते. म्हणजे तेच नव्हेत हो, पण तसलेच. माझे वडील, आप्पा, पुण्यात नाना पेठेतल्या एका गॅरेजात मिस्त्री होते. तिथे एका डॉक्टरांची अशीच जुनी विलायती गाडी यायची. शाळा सुटली की मी गॅरेजात. आप्पा मला कशालाही हात लावू द्यायचे नाहीत, फक्त पंख पुसायला द्यायचे. जुन्या बनियनचं फडकं घ्यायचं आणि एकेका पिसाच्या खाचेतून बोट फिरवायचं. अजूनही कुठे पेट्रोलचा वास आला की माझी पावलं थांबतात.

गाडीला पंख कशाला, हे मी त्यांना सारखं विचारायचो. कधी ते सांगायचे, कंपनी विमानांची इंजिनंसुद्धा बनवायची, त्याची ती खूण. कधी म्हणायचे, वेगाची निशाणी. एकदा गिऱ्हाईक नव्हतं, निवांत बसले होते, तेव्हा म्हणाले, "पंख गाडीला नसतात रे. बघणाऱ्याला फुटतात."

दर दसऱ्याला आप्पा गॅरेजातल्या सगळ्या गाड्यांना हार घालायचे, चाकांखाली लिंबं ठेवायचे, आणि मग सायकलवर टांग मारून घरी यायचे. अशी एखादी पंखवाली आपल्या दारात उभी असावी आणि तिला आपल्या हाताने हार घालावा, एवढीच त्यांची हौस होती. ती हौस काही पुरी झाली नाही.

तर मी काय केलं? बॉनेटवर हात ठेवून ऐटीत उभा राहिलो आणि बायकोला, मधुराला, फोटो काढायला लावला. दुसऱ्याच्या गाडीला टेकून फोटो काढला नाही असा मराठी माणूस मला दाखवाच. तो फोटो पुण्याला ताईच्या मोबाइलवर धाडला आणि खाली लिहिलं, "आप्पा, ओळखा पाहू!" मला विचारायचं होतं, पंख ओळखा.

तासाभरात फोन. आप्पांचा आवाज थरथरत होता. "घेतलीस?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तोवर त्यांनी सांगून टाकलं की गल्लीत पेढे वाटून झालेत. आता सांगा, पंख फुटलेल्या त्या म्हाताऱ्याला मी खाली कसा ओढणार? मी म्हणालो, "हं... खालीच असते." हे खोटं होतं का? खालीच तर असायची!

मग दर रविवारी फोनवर गाडीची विचारपूस सुरू. कुठे फिरवून आणलीस, असं विचारलं की मी म्हणायचो, सर्व्हिसिंगला आहे. पुढच्या खेपेला पुन्हा सर्व्हिसिंगला. आप्पांना काळजी लागली. इंजिन उघडलंय का, रिंगा बदलल्या का? मी सगळ्याला हो म्हणत गेलो. मधुरा म्हणायची, "अरे, सांगून टाक त्यांना." मी म्हणायचो, सांगतो, समोरासमोर आले की सांगतो.

आणि आप्पा समोरासमोर आले की! दसऱ्याच्या आदल्या दिवशी. मी त्यांना विमानतळावरून टॅक्सीने आणलं, कारण गाडी कुठे होती ते तुम्हाला ठाऊकच आहे. बॅग उघडली तर कपड्यांवर आपट्याची पानं आणि कापडी झेंडूचा भलामोठा हार. तो पाहून मी ठरवलं, सकाळी सांगू.

सकाळी उठलो तर आप्पा घरात नाहीत. मधुरा म्हणाली, "खालची झाकलेली गाडी बघून आले, सर्व्हिसिंगहून आली म्हणाले आणि पूजेचं ताट घेऊन पुन्हा खाली गेलेत." मी बर्म्युडावरच धावलो.

गाडीवरचं कापड बाजूला घडी घालून ठेवलेलं. पंख लखलखीत पुसलेले, त्यांवर हार, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकांखाली लिंबं. आणि शेजारी गाडीचे खरे मालक, लिम अंकल, हाफ पँटमध्ये, हातात किल्ली घेऊन उभे.

मला बघताच ते म्हणाले, "युअर फादर आह? ही से यू बाय माय कार ऑलरेडी. व्हाय आय डोन्ट नो?"

गॅरेजातलं इंग्रजी आप्पांना चांगलं कळतं. त्यांचा पंखावरचा हात तिथेच थांबला. त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. लहानपणी माझ्या हातून पाना पडला की असेच बघायचे.

"आप्पा, गाडी यांची आहे," मी म्हणालो. "तुमचा आवाज ऐकला आणि मला नाही म्हणवलं नाही." इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

आप्पांनी हार सरळ केला आणि लिम अंकलकडे वळले. "सॉरी. पूजा हाफ झाली. फुल करू?"

लिम अंकलनी स्वस्तिक बघितलं, लिंबं बघितली. बहुधा एवढी सेवा त्या गाडीची त्यांच्याशिवाय कुणी केली नव्हती. म्हणाले, "कॅन, कॅन. देन वी गो टेम्पल. यू सिट फ्रंट."

नारळ फुटला. आप्पा पुढच्या सीटवर जाऊन बसले, खिडकीत कोपर टेकवून, पार मालकासारखे. मला म्हणाले, "फोटो काढ. ताईला पाठव. आणि खाली नीट लिही, गाडी लिम साहेबांची आहे."

मी फोटो काढला. चला, मिटलं म्हणून सुस्कारा सोडला आणि मागचं दार उघडायला गेलो.

आप्पांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"तू कुठे? तुझी गाडी सर्व्हिसिंगला आहे ना? तू बसने ये."