डावीकडचा तित्तर

आमच्या घराण्यानं मेंढरं कधीच सोडली, पण अप्पांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, तित्तर काही सोडला नाही. गावाला निघताना तो डावीकडनं बोलला तर जायचं. उजवीकडनं बोलला तर चपला काढून परत बसायचं. बोललाच नाही तर थांबायचं. आता बांध साफ झाले, फवारे वाढले, तित्तर बोलणार कुठनं? अप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, बसवकल्याणचा डॉक्टर या म्हणतोय, आणि हे रोज सकाळी चपला घालून अंगणात थांबलेले.

माझी खराद आहे. पाळण्याचे दांडे, लाटणी, खाटेचे पाय कातून देतो. एका दुपारी शिसवाचा अंगठ्याएवढा तुकडा यंत्रावर चढवला. बाहेरून निमुळता कातला, आरपार भोक पाडलं, आत फुग्याच्या रबराची पट्टी ताणून बसवली आणि फुंकलं.

बायको दारात आली. "करडू कुणाचं घुसलंय आत?"

भोक जरा रुंद केलं, पट्टी आवळली. मग लाकडातून सरळ तित्तरच बोलला.

"अप्पाला फसवायलाव व्हय?" ती म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, "डावीकडनं फुंका म्हंजे झालं."

आमचं घर शेतातच. डावीकडं तूर, उजवीकडं गोठा. सकाळी तुरीत बसून फुंकलं. अप्पा ताडकन उठले आणि एक डोळा करून आले.

इथवर मला पाप वाटत नाही. पुढचं सांगायला जड जातं. शिट्टी खिशात असली की हात शिवशिवतात. डोळा बरा झाल्यावर अप्पा चिंताकीला माझ्या अक्काकडं निघाले, सुनेच्या आमटीची तक्रार घेऊन. त्या दिवशी मी गोठ्यामागनं फुंकलं. अप्पांनी चपला काढल्या. अक्का तिकडं पुरण शिजवून दिवसभर वाट बघत बसली. हे मी बायकोलाही सांगितलं नाही.

मग दुसऱ्या डोळ्याची वेळ आली. मी आपला सवयीनं तुरीत जाऊन बसलो. अप्पांना आता दिसतं, हे ध्यानातच आलं नाही.

फुंकलं. अप्पा तुरीकडं बघत राहिले. परत फुंकलं.

"काय गं," ते सुनेला म्हणाले, "तित्तराला टक्कल कामून पडायलंय?"

तिनं पदर तोंडात कोंबला. मी बाहेर आलो. अप्पांनी हात पुढं केला, शिट्टी घेतली, चांगल्या डोळ्याजवळ धरून फिरवून बघितली.

"कातलास बेस," ते म्हणाले. मग हळूच, "अक्काकडं निघालो तवा उजवीकडं कोण व्हतं?"

सुनेचं हसू थांबलं. गोठ्यातला खरा तित्तर होता म्हणता आलं असतं.

"मीच."

"पुरण शिजवलं व्हतं तिनं."

"व्हय."

"ऱ्हाऊ दे तो डोळा," म्हणत ते खाटेवर बसले. मी उभाच. चपला मात्र त्यांनी काढल्या नाहीत, तेवढ्यावर माझी आशा.

बऱ्याच वेळानं शिट्टी बंडीच्या खिशात टाकून ते उठले. "चल. आधी चिंताकी. अक्काला तुझ्या तोंडानं सांगायचं. मग डोळा."

पिशवी घेऊन मी बाजूनं चालू लागलो, तर थांबले.

"उजवीकडनं न्हाई. डावीकडनं चाल."