नव्या गाडीचे शुभेच्छुक

अंथुर्ण्यात कुणी नवी चारचाकी घेतली की दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागतो, हा रिवाज करुणाबाईंना ठाऊक होता. तरी शाळेत जाताना स्वतःचा ओळखपत्रावरचा फोटो ट्रॉलीच्या फळक्याएवढा झालेला पाहून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर ठळक अक्षरांत ‘नवीन वाहन घेतल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’, खाली शुभेच्छुकांचे गोल फोटो, नावं आणि मोबाईल नंबर. मधोमध काळा गॉगल लावलेला शेजारचा गेणबा, बाईंचा ‘तात्या’, त्याच्या बाजूला फोन कानाला लावलेला विकी, आणि मग पिठाच्या गिरणीवाल्यापासून पतसंस्थेच्या शिपायापर्यंत झाडून सगळे.

“विकी, अरे मी काय झेडपीला उभी राहिलेय?”

“ताई, तुमी फकस्त गाडी चालवा. आनंद करायचं काम आमचं,” दुधाच्या टेम्पोतून विकी म्हणाला. तो त्यांचाच जुना विद्यार्थी. नववीत त्यानं अर्ध्या गुणासाठी त्यांच्या किती विनवण्या केल्या होत्या. बाईंनी तो अर्धा गुण काही दिला नव्हता.

करुणाबाई गणिताच्या शिक्षिका, आणि गुण देण्यात भलत्याच चिक्कू. उत्तर बरोबर असलं तरी एक पायरी गाळली की गुण गेलाच. अशा बाईनं हौसेखातर गाडी घेतली असती तर गावानं तोंडात बोट घातलं असतं. गाडी घेतली होती अप्पांसाठी. अप्पा म्हणजे त्यांचे वडील. कारखान्यात बॉयलरपुढं उभं राहून त्यांनी लेकीला शिकवलं, आणि निवृत्तीनंतर त्यांच्या मूत्रपिंडांनी संप केला. एक दिवसाआड बारामतीला डायलिसिस. सकाळची शाळा उरकून बाई त्यांना यष्टीनं घेऊन जायच्या. परतीच्या यष्टीत अप्पा पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्यानं दांडीला डोकं टेकून बसायचे. मागच्या सीटवर त्यांना आडवं होता यावं, एवढीच त्या गाडीकडून अपेक्षा होती.

शोरूमवाल्यांनी नारळ पुढं केला तेव्हा अप्पा म्हणाले, “तो राहू द्या, आमी त्रिसरण घेतो.” बापलेकीनं बॉनेटसमोर हात जोडून त्रिसरण, पंचशील म्हटलं. हे कळल्यावर गेणबाला चैन पडेना. “अप्पा, मग तुमच्या वतीनं मी फोडू का एक?”

“फोड की. पण खोबरं हिकडं पाठीव,” अप्पा म्हणाले. करुणाबाईंनी त्याची चटणी केली, आणि दोन्ही घरांत ती चवीनं खाल्ली गेली.

पण गाडीला ना त्रिसरण कळलं, ना नारळ. थोड्याच दिवसांत बेलवाडीच्या पुढं चालता चालता ती गप्प झाली. समोर डॅशबोर्डवर होते नव्हते तेवढे सगळे दिवे लागले, मागची काच आपोआप खाली गेली आणि स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. बाईंनी कशीबशी ती कडेला घेतली. अप्पांचं डायलिसिस चुकलं की अंगावर सूज चढते, धाप लागते; वार चुकवायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बाईंनी विकीला फोन लावला, आणि अप्पा त्याच्या टेम्पोत दुधाच्या कॅनांच्या मधे बसून दवाखान्यात पोहोचले. गेणबानं ट्रॅक्टरला दोरखंड बांधून गाडी शोरूमला ओढून नेली.

तिथं प्रतीक्षा नावाची एक गोड मुलगी होती. तक्रारी लिहून घ्यायचं काम तिच्याकडं. मेकॅनिकांनी गाडीला लॅपटॉप जोडला, तर त्यात काहीच दोष दिसेना. “मॅडम, गाडी नवीन आहे, सेट व्हायला वेळ लागतो,” असं म्हणून त्यांनी गाडी धुऊन, आत अत्तर मारून परत दिली. वर प्रतीक्षा हळूच म्हणाली, “ताई, कंपनीचा फोन येईल. दहापैकी दहा द्या हं. नऊ दिले तरी साहेब मला सगळ्यांसमोर बोलतात.”

पोरीचं तोंड एवढंसं झालेलं. फोन आला आणि बाईंनी दहा दिले.

पुन्हा गाडी बंद पडली, पुन्हा धुऊन आली, पुन्हा दहा. आता नेमानं गाडी बंद पडायची आणि नेमानं फ्लेक्सवरचं कुणी ना कुणी धावून यायचं. कधी गिरणीवाला पिठानं भरलेल्या अंगानंच मोटारसायकल काढायचा, कधी पतसंस्थेचा शिपाई कुणाची तरी जीप मागून आणायचा. ज्या फ्लेक्सखालून जाताना बाई मान खाली घालायच्या, त्याच्यावरचे नंबर त्यांनी एक दिवस मुकाट्यानं मोबाईलमध्ये भरून घेतले.

शेवटी व्हायचं ते झालंच. भर हंगामात, उसाच्या ट्रॉल्यांच्या रांगेत गाडी अशी अडकली की ना मागं ना पुढं. अप्पा पोहोचले तोवर त्यांचं मशीन दुसऱ्या पेशंटला लावलेलं होतं. दुसऱ्या दिवशी नंबर लागेपर्यंत अप्पा उशांना टेकून, तोंड उघडं टाकून श्वास ओढत बसले. करुणाबाई त्यांच्या सुजलेल्या पायांवरून हात फिरवत राहिल्या, आणि आपण ही गाडी घेतलीच का, म्हणून स्वतःला दोष देत राहिल्या.

अप्पा सावरल्यावर त्या शोरूमला गेल्या, त्या तावातावानंच. मॅनेजर मात्र शांत होता. त्यानं कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडं वळवला. “मॅडम, तुम्ही तर दर वेळी दहापैकी दहा दिलेत. कंपनीच्या लेखी तुम्ही आमच्या सर्वांत समाधानी ग्राहक आहात.”

बाईंनी तो दहांचा रकाना वरपासून खालपर्यंत वाचला. शाळेत अर्ध्या गुणासाठी पोरांना रडवणारी बाई, आणि तिनं इथं अख्खे दहा वाटले! बाजूला प्रतीक्षा मान खाली घालून उभी होती. तिचं नाव सांगावं असं बाईंच्या अगदी ओठावर आलं, पण त्यांनी ते गिळलं.

गाडी ओढून आणणारा गेणबा मागंच उभा होता. “सायेब, त्यांचं मार्क ऱ्हाऊ द्या. त्या भल्या हायती,” तो म्हणाला. “आमी शुभेच्छुक हाय. आमचं मार्क घ्यायचं ऱ्हायलंय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी शोरूमच्या गुबगुबीत सोफ्यांवर फ्लेक्सवरची सगळी मंडळी येऊन बसली. ओरडा नाही, घोषणा नाही. सोबत भाकरी आणि ठेचा. नवं गिऱ्हाईक आत आलं की गेणबा अदबीनं उठून जागा द्यायचा आणि म्हणायचा, “बसा की. गाडी घ्यायची व्हय? आमच्या बाईंनी बी हितनंच घेतली. ती बगा, भाईर दोरखंडाला बांधलीया.” गिऱ्हाईक बाहेर बघायचं आणि चहा न घेताच निघायचं. दुपारपर्यंत मॅनेजरच्या कपाळावरची शीर दिसायला लागली.

“तुम्हाला हवंय तरी काय?” त्यानं विचारलं.

“एवढंच, की तुम्ही स्वतः गाडी चालवत अप्पांना डायलिसिसला आणा,” करुणाबाई म्हणाल्या.

मॅनेजर गाडी घेऊन अंथुर्ण्याला आला. बाई शेजारी, अप्पा मागं आडवे, आणि मागोमाग ट्रॅक्टरवर गेणबा. गाडी लासुर्ण्यापर्यंत सुतासारखी धावली, आणि साहेब हसून म्हणाले, “बघा मॅडम, काही नाही.” बेलवाडी ओलांडली आणि सगळे दिवे लागले. साहेब किल्ली फिरवताहेत, कपाळ पुसताहेत, मागून उसाचे ट्रॅक्टर भोंगे वाजवताहेत. तेवढ्यात मागच्या सीटवरून अप्पांचा हात आला, मनगटाच्या वर सुयांनी गाठी आलेला, आणि त्यांनी तो साहेबांच्या खांद्यावर ठेवला.

“घाबरू नका सायेब. मागं गेणबा हाय. तो पोचवतो.”

त्या हाताकडं बघून मॅनेजरनं किल्ली सोडली. त्या दिवशी अप्पांना आधार देऊन दवाखान्यात नेणारा तोच होता. मग चक्रं फिरली. गाडी दुरुस्त होईपर्यंत शोरूमनं दुसरी गाडी दिली. पुण्याहून कंपनीचा माणूस आला, त्याला आतल्या वायरिंगचा मूळचाच दोष सापडला, आणि अख्खं वायरिंग बदललं. पुन्हा कंपनीचा फोन आला. बाईंनी गाडीला सहा दिले. प्रतीक्षाबद्दल विचारलं तेव्हा म्हणाल्या, “ती मुलगी चांगली आहे. तिला दहा लिहा.”

गाडी आता नीट चालते. परवा बारामतीहून परतताना अप्पा मागं पाय पसरून झोपले होते. चौक आला तसे ते उठले, आणि एकदम म्हणाले, “करुणा, गाडी थांबीव.”

बाईंनी आधी डॅशबोर्डकडं पाहिलं. पाय ब्रेकवर गेला, गाडी थांबली. समोरचा दिवा एकही लागला नव्हता.

अप्पा चौकातला नवा फ्लेक्स वाचत होते. त्यावर गेणबा, विकी, गिरणीवाला, शिपाई, सगळे ट्रॉलीच्या फळक्याएवढे. वर लिहिलं होतं, ‘आमच्या अप्पांना वेळेवर पोहोचवल्याबद्दल आपले मनःपूर्वक आभार.’ आणि खाली कोपऱ्यात, रुपयाएवढ्या गोलात, शाळेच्या ओळखपत्रावरचा फोटो: शुभेच्छुक, करुणा.

फ्लेक्सखाली गेणबा कमरेवर हात ठेवून उभा होता. गाडी दिसताच तो खिडकीशी आला. त्याचे डोळे भरले होते, पण तक्रार तयार होती.

“पोरी, सगळं झ्याक हाय. पर माजा गॉगल कुठं गेला?”

“काढला मीच, तात्या,” करुणाबाई म्हणाल्या. “तुमचे डोळे दिसायला हवे होते.”